मालकाचंही न ऐकणारा सर्वर

आता हसू नका! अमरावतीच्या आमच्या क्लासचा सर्वर म्या असा बांधला, की परवानगीचा शिक्का नसलेली फाईल वेबसाईट उघडणारच नाही. निकालाच्या दिवशी सरांनी आपल्या फोल्डरातली निकालाची फाईल थेट उचलून वेबसाईटवर टाकली. निकाल काही दिसेना.

सर भडकले. "काहून? मालक मी हाओ ना?"

"या नियमापुढं मालकाचंही चालत नाही, सर."

"मंग काढून फेक तो नियम!"

तेवढ्यात सरांच्या दाजीचा फोन आला. आमच्याच क्लासातल्या पोरासाठी उद्याच्या परीक्षेचा पेपर आजच पाहिजे होता. बहिणीच्या नवऱ्याले नाही कोण म्हणन? सरांनी माह्याकडं पाह्यलं.

"दाजी, मी तर आत्ता देतो हो, पण आमचा सर्वर मालकाचंही ऐकत नाही!"

फोन ठेवून मले म्हणाले, "निकालावर शिक्का मार. पण त्या नियमाले हात लावशीन तर खबरदार!"