लग्नपत्रिकेचं डिझाइन

प्रसूतिगृहाच्या बाकावर बसलेल्या बहीणभावाचं बोलणं काउंटरवरच्या बाईंना स्पष्ट ऐकू येत होतं.

"ताई, तुझ्या लग्नपत्रिकेचं डिझाइन सुचलं बघ."

"अरे वा. लग्नाला वर्षच तर झालं."

"डिझायनरला आतून प्रेरणा यावी लागते."

"हो ना. तोवर मी सगळ्यांना फोनवरच आमंत्रणं दिली."

"आता बाळाच्या बातमीचं कार्ड मीच करणार."

"कर की. बाळाला वाचता येईपर्यंत होईल ना?"

"कलेला वेळ लागतो गं."

"बाळालाही लागतो. पण ते आत्ता येतंय. त्या बाईंना हाक मार."

"थांब, चेहरा असाच ठेव. कार्डावर हाच हवा."

ताईनं स्वतःच हाक मारली. बाई चाकांची खुर्ची घेऊन आल्या.

"फॉर्मवर लिहायचंय. हे सोबतचे कोण? काय करतात?"

"धाकटा भाऊ. वाट बघतो."