उद्यान क्रमांक एकेचाळीस

मी, आर्यन रवींद्र सकपाळ, वय २१ वर्षे, काम फ्लेक्स छापणे व बांधणे, राहणार विठ्ठलवाडी स्टेशनजवळची चाळ, पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, तो बोर्ड खोटा आहे आणि तो मीच छापला. मालकाला माहीत नव्हतं. मशीनवरच्या दिपेशला मी चहा आणायला पाठवलेला. त्याला यात घेऊ नका.

ठाणे शहरात बागांची विभागीय परिषद होती. ठाणे, कल्याण, डोंबिवली, सगळीकडचे बागखात्याचे साहेब येणार होते. त्यांच्या चाळीस बागांचे चाळीस फ्लेक्स आमच्या वागळे इस्टेटच्या दुकानात छापले. रोलच्या शेवटी तुकडा उरला. त्यावर मी 'उद्यान क्रमांक ४१, शेवंती उद्यान, विठ्ठलवाडी' असं छापलं. नेत्याचा फोटो असतो त्या कोपऱ्यात आमच्या चाळीतल्या शेवंती मावशीचा फोटो टाकला. ती मला पेरू चोरताना पकडते, म्हणून मस्ती केलेली, आणि बाकीच्या चाळीसांच्या रांगेत परिषदेच्या हॉलमध्ये तोही बांधला. चाळीमागच्या पडीक प्लॉटवर ती वीस वर्षं झाडं वाढवतेय. गुरुवारी तिथे जेसीबी येऊन पार्किंग होणार होतं. हे मला माहीत होतं.

मंगळवारी परिषदेच्या प्रमुख अमृता मॅडम त्या फ्लेक्ससमोर थांबल्या. "हे एकेचाळीस कधी झालं?" साहेब लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला माहीत नाही, असं कोण बोलणार? एक साहेब बोलले, "मागच्याच वर्षी ना, मॅडम." दुसरे बोलले, "मस्त झालंय." मॅडम बोलल्या, मग जेवण झाल्यावर तिथेच जाऊ. माझी वाट लागली. रस्ता दाखवायला बसमध्ये मलाच बसवलं.

दुपारी तीन दहाला पोचलो. आत शिरलो. जांभळाखाली उन्हाचे बारीक तुकडे पडलेले, ते हलत होते. मोडक्या रिक्षावर भोपळ्याचा वेल चढलेला, मीटरच्या जागी पिवळं फूल. एका साहेबांनी बूट काढले, मग सगळ्यांनी काढले. एकाचा फोन वाजला, त्यांनी तो दुसऱ्याचाच असल्यासारखा बघितला आणि खिशात ठेवला. एक जण अळूशेजारी झोपला. भाषण कोणी केलं नाही. मी लहानपणापासून तिथे पेरू चोरतोय, पण त्या दिवशी आम्ही सगळे पाण्याखाली बसलोय असं वाटलं. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. बसवाला म्हणतो तो हॉर्न मारत होता. आम्ही ऐकला नाही.

मग मावशी आली. "काय रे मेल्या, कोणाची वरात ही?"

"बाग बघायला आलेत, मावशी. तुझी."

ती घरात गेली आणि ठेवणीतली साडी नेसून आली. मॅडमनी विचारलं, जांभूळ तुम्ही लावलंत? मावशी बोलली, "कावळ्यानं लावलं. मी त्याला हाकललं नाय, इतकंच."

बुधवारी तोच फ्लेक्स मी प्लॉटच्या तोंडाशी बांधला. ही मस्ती नव्हती. गुरुवारी जेसीबीवाल्याने वाचला, "अरे, गार्डन आहे हे," बोलला आणि मशीन वळवलं. म्हणून पार्किंगचे ठेकेदार तानाजीशेठ यांनी तक्रार केली. त्यांचं बरोबर आहे. कागदात तिथे पार्किंगच आहे. मॅडमनी यादीत पेनाने एकेचाळीस लिहून घेतलेलं मी बघितलं, पण त्याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

बोर्ड मी उतरवतो. शिक्षा काय ती द्या.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी बोललो तसाच आहे. फक्त वाचताना तुमचा आवाज मोठा झाला, साहेब. मावशी बाहेर बाकावर बसलीय. तिला वाटतंय मला बागेचा साक्षीदार म्हणून बोलावलंय. पालिकेने आपलं नाव लावलं म्हणून तिने गावाला फोन केलेत, रोज सकाळी बोर्डाला फडकं मारते. बोर्ड धुवायला नेतोय, असं मी तिला सांगेन. तुम्ही काही बोलू नका. पाया पडतो, कोणालाच सांगू नका.