आठवी खुर्ची

…आणि वर मलाच विचारतात हो, "एवढा घाम का सुटलाय तुम्हाला?" घाम नाही सुटणार तर काय अत्तर सुटणार? तोंडावर तीन पदरी मास्क, तोही मीच शिवलेला, म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही! एका हातात ताप बघायची ती बंदूक, दुसऱ्या हातात सॅनिटायझरची बाटली, समोर कोपऱ्यात आरोग्य खात्याचे साहेब वही उघडून उभे, आणि मी भर प्रार्थनेत चोरासारखा खुर्च्या उचलतोय… थांबा, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगतो. मग तुम्हीच ठरवा माझं काय चुकलं ते.

तर तुम्हाला सांगतो, साथ आली आणि आमच्या चर्चला सात महिने कुलूप. त्या सात महिन्यांत आमचे बाबा गेले. साथीनं नाही, म्हातारपणानंच गेले, पण नियम सगळ्यांना सारखाच. मातीला चार माणसं. पाळकसाहेबांनी लांबूनच दोन ओळी वाचल्या, गीत नाही, काही नाही, पंधरा मिनिटांत आम्ही घरी. ज्या माणसानं साठ वर्षं दर रविवारी बेसूर का होईना पण छप्पर हलेल असं गायलं, त्याला आम्ही गपचूप पुरून आलो. आईनं त्या दिवसापासून एकच धोशा लावला, "चर्च उघडलं की त्यांचं गीत झालं पाहिजे. बाकी मला काही नको."

झालं, चर्च उघडायची परवानगी आली. कमिटी बसली. "सुरक्षा प्रमुख कोण होणार?" एकजात सगळे छताकडे बघायला लागले, जणू पोपडे आजच दिसले! मग आमचे पाळकसाहेब, त्यांचं बोलणं म्हणजे प्रत्येक शब्दाला खुर्ची देऊन बसवतात, ते म्हणाले, "मला… असं… वाटतं… की आपल्या शिंपीदादांकडे… टेप आहे." टेप आहे म्हणून प्रमुख! उद्या एखाद्याकडे सुरी असली तर त्याला ऑपरेशनला उभं करतील का हो? पण मी एकदा हो म्हटलं की म्हटलं. नियम म्हणजे नियम! सरकारी कागद पाठ केला. दोन माणसांत सहा फूट. उपासना पाऊण तासात संपली पाहिजे. गाणं बंद, फक्त ऑर्गन वाजेल. आणि पासष्टच्या पुढच्यांनी शक्यतो घरीच थांबावं.

हे शेवटचं आईला वाचून दाखवलं. आई शहात्तरची. ती म्हणाली, "शक्यतो म्हणजे नक्की नाही." म्हटलं, "आई, अगं त्याचा अर्थ…" "मी सात महिने अर्थच लावत बसलेय. नाव लिही." आता सांगा, मी सुरक्षा प्रमुख, पण घरात माझ्यावर प्रमुख आहे त्याचं काय?

शनिवारी मी मापं घेतली. आमचं चर्च काही मोठं नाही, लांबट आणि चिंचोळं. बाकं काढून सुट्या खुर्च्या मांडायच्या, दोन भिंतींना दोन रांगा. मी बाबांच्या वेळचा टेप काढला, जमिनीवर अंथरला, एक टेप झाला की पिवळी चिकटपट्टी, एक टेप झाला की पिवळी चिकटपट्टी. इकडे आठ, तिकडे आठ. सोळा माणसं मावली! कमिटी खूश. आई डबा घेऊन आली होती, ती दारात उभी राहून बघत होती. तिचं नाव यादीत सोळावं, म्हणजे उजव्या रांगेतली आठवी, दाराजवळची खुर्ची. मी म्हटलं, "बघ, बसवलं की नाही तुला?" ती काही बोलली नाही. मला वाटलं, गहिवरली असेल.

रविवार उजाडला. एकेकाचा ताप बघितला, हातावर औषध ओतलं, ओळीनं बसवलं. हेडबाई आल्या, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी आम्हाला अजून वर्गातच असल्यासारखं वाटतं. त्यांचे यजमान आले, चार पावलं मागून, नेहमीप्रमाणे. बेकरीवाले आले. सगळं कसं मापात! आणि पहिली घंटा व्हायला दोन मिनिटं असताना दारात हे साहेब. काखेत वही. खांद्याला पिशवी.

"प्रमुख कोण?"

"मीच, साहेब."

"अंतर?"

"सहा फूट!" मी छाती काढून सांगितलं, "स्वतः मोजलंय. नियम म्हणजे नियम, साहेब!"

"बरं. उपासना झाली की मीही मोजतो. कमी भरलं तर कुलूप. गेल्या आठवड्यात दोन हॉल बंद केलेत." आणि पिशवीवर थाप मारली. आतून खण्ण आवाज आला. लोखंडी टेप!

मी म्हटलं, मोजा की! माझ्याही गळ्यात टेप आहे. आणि सवयीनं त्याचं टोक बोटात धरलं, आणि त्या टोकावर आकडा… साठ.

साठ इंच.

अहो, बारा पंचे साठ! पाच फूट! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. शिंप्याचा टेप पाच फुटांचाच असतो, हे शेंबडं पोरही सांगेल! मग मला का नाही सुचलं? तर सांगतो. शिंप्याला अख्खा माणूस कधी मोजावा लागतो का? छाती छत्तीस, कंबर चौतीस, बाही चोवीस, माणूस आमच्याकडे तुकड्यातुकड्यानं येतो! टेप संपेपर्यंत लांब असं काही नसतंच. त्यात कागदावर सहा, टेपवर साठ, डोक्यात त्या दोघांची गाठ बसली ती बसली. सोळाच्या सोळा खुर्च्या फूट-फूटभर जवळ. आणि साहेब कोपऱ्यात. आणि प्रार्थनेनंतर लगेच बाबांचं गीत. आणि आठव्या खुर्चीवर आई, हातात रुमाल घेऊन, सात महिन्यांनी पहिल्यांदा नीट केस विंचरलेले…

माझं काय झालं असेल? सांगा ना! कुलूप लागलं असतं तर पुन्हा उघडणार कधी, आणि तोवर शहात्तरचं माणूस… मी पुढचा विचारच केला नाही.

तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "आपण… प्रार्थना करू या." सगळे उभे राहिले. माना खाली, डोळे बंद. साहेबांनीसुद्धा सभ्यपणे मान खाली घातली. मला प्रकाश पडला, हीच वेळ! पण कमिटीनं प्रार्थनेला दोन मिनिटांची मर्यादा घातलेली. मी पाळकसाहेबांना खूण केली, दोन्ही हातांनी इलॅस्टिक ताणतात तशी. लांबवा! आता या माणसाला पंचवीस वर्षं लोक फक्त घड्याळ दाखवत आलेत. त्यांनी एकदा डोळे चोळून माझ्याकडे बघितलं, चेहऱ्यावर असा काही उजेड आला म्हणता, आणि सुरू झाले. आजाऱ्यांसाठी. डॉक्टरांसाठी. नर्सेससाठी. समुद्रावरच्या खलाशांसाठी. आमच्या गावापासून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर, पण म्हटलं चालू द्या, महाराज, मासेही घ्या!

आता हिशेब बघा. पहिली खुर्ची जागेवर. दुसरी एक फूट मागे, तिसरी दोन, चौथी तीन, असं करत आठवी सात फूट मागे. आणि सुरुवात शेवटच्यापासूनच करायला हवी, नाहीतर पुढचा मागच्याच्या मांडीवर! म्हणजे पहिली आई. आणि आईच्या मागे दार किती लांब? चार फूट.

मी जवळ गेलो. कुजबुजलो, "आई, मागे चल."

"कुठे?"

"दाराबाहेर. तीन फूट."

तिनं माझ्याकडे बघितलं. मास्कच्या वर नुसते दोन डोळे, पण तेवढे पुरतात. "सात महिने बाहेर बसवलंत. आज आत आले, तर पोटचा पोरगाच बाहेर काढतोय?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. म्हटलं, "आई, कुलूप लागेल गं." तिनं काठी उचलली आणि निघाली. मी खुर्ची डोक्यावर घेऊन तिच्या मागे, उंबरा ओलांडून बाहेर, उन्हात. तिला तिथे बसवलं आणि मागे न बघता आत पळालो. मागे बघायची छाती नव्हती माझी.

मग बेकरीवाले. पहाटे तीनला उठणारा माणूस, उभ्या उभ्या झोपलेला. हात लावायचा नाही, नियम म्हणजे नियम! कानाशी जाऊन म्हटलं, "सहा फूट मागे." ते झोपेतच म्हणाले, "सहा? आज सगळे संपले." कसंबसं सरकवलं. मग सहावा, पाचवा, चौथा… खुर्ची उचलायची, अंदाजानं ठेवायची, टेप लावायचा, पाच फूट अधिक बारा इंच, जुनी पट्टी उपटायची, चर्रर्र! आवाज झाला की मीच मोठ्यानं "आमेन!" समोरून पाळकसाहेबांना वाटलं मंडळी पेटलीत, ते शेतकऱ्यांवरून एकदम विमानचालकांवर.

डाव्या रांगेला मागे भिंत! तिथे कुणाला बाहेर काढणार? पण कागद पाठ होता ना, एका घरातली माणसं शेजारी बसली तर चालतं. शेवटच्या दोन खुर्च्या हेडबाईंची आणि यजमानांची. यजमानांची उचलली आणि बाईंना चिकटवली, रांग मावली. बाईंनी एक डोळा उघडला. "हे काय? चाळीस वर्षांत हे माझ्या शेजारी बसलेले नाहीत!"

यजमान मान खाली घालूनच म्हणाले, "तुम्ही जागा कधी ठेवलीत?"

मी तिथे थांबलो नाही. शेवटची पट्टी चिकटवली, तेव्हा पाळकसाहेब परग्रहांवर काही जीव असलेच तर त्यांच्यासाठी मागत होते. मी हात जोडले, म्हणजे बास! ते नाराजीनंच "आमेन" म्हणाले. सगळे बसले आणि कुणीही हवेत बसलं नाही. जिंकलो! घाम पुसणार, इतक्यात ऑर्गन सुरू झाला.

बाबांचं गीत.

आत पंधरा माणसं आणि मी. सगळ्यांना ते पाठ, आणि सगळ्यांचे ओठ मास्कच्या आत बंद. नुसतं पुसट गूं गूं. मी सगळ्यांना आधीच बजावलं होतं ना, "गाणं नाही म्हणजे नाही!" आणि तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला. चिरका, कापरा, ऑर्गनच्या अर्धी ओळ मागे. आई गात होती! मास्कमधून, पण छप्पर हलेल अशी! दुसऱ्या कडव्यात बाबा कायम शब्द चुकायचे. तीही चुकली, मुद्दाम, अगदी त्याच जागी.

साहेबांनी मान वर केली. "कोण गातंय?"

गेलं. संपलं. साहेब चालत दाराकडे, मी त्यांच्या मागे. त्यांनी बाहेर बघितलं. आई खुर्चीत ताठ बसलेली, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी. साहेबांनी खिशातून कागद काढला. माझ्या कागदासारखाच, घडी पडलेला. बोट फिरवत वाचला. "बंदिस्त जागेत सामूहिक गायनास मनाई." मग आभाळाकडे बघितलं. मग आईकडे. म्हणाले, "बंदिस्त नाही. सामूहिकही नाही." आणि वही मिटून तिथेच उभे राहिले, चारी कडवी होईपर्यंत.

आणि मी कुठे? मी उंबऱ्याच्या आत! माझ्या बापाचं गीत, माझी आई एकटी गातेय, आणि मी दोन पावलांवर तोंडाला कुलूप लावून उभा. बाहेर एक पाऊल टाकलं असतं तर आम्ही दोघं झालो असतो, म्हणजे सामूहिक! नियम म्हणजे नियम. मी रडलो फक्त. त्याला मनाई नव्हती, बघून ठेवलं होतं मी.

शेवटी साहेबांनी मोजलं. सहा. सहा. सहा आणि एक इंच. सहा. शेवटच्या खुर्चीपाशी थांबले. "ही बाहेर का?" मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "हवा खेळती राहते, साहेब." त्यांनी वहीत "उत्तम" लिहिलं. उत्तम!

घरी जाताना मी आईला म्हटलं, "माफ कर गं. टेप पाच फुटांचा निघाला."

"मला कालच दिसलं ते," आई म्हणाली. "पन्नास वर्षं त्या टेपच्या घरात काढलीत मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर आठवी खुर्ची ठेवली असतीस?"

मी रस्त्यात उभाच राहिलो. तुम्हाला खरं सांगतो, देवाच्या घरचं सांगतोय… नसती ठेवली. सोळाचे चौदा-पंधरा केले असते, आणि पहिलं नाव तिचंच खोडलं असतं, तिच्याच भल्यासाठी, छाती काढून.

म्हणून आता दर शनिवारी चर्चमध्ये मापं आई घेते. मी फक्त टेपचं दुसरं टोक धरतो.