‘चुकून’ हा शब्द खोडण्याबाबत

पुरवणी जबाब, दि. १३ ऑगस्ट १९८४, सोमवार

मी सावळीराम भिकन गांगुर्डे, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी (ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खाते), राहणार द्वारकेजवळ, नाशिक. कोणी न बोलावता आपण होऊन हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, पत्नी लताबाई व मुलगी यशोधरा, वय १६, अकरावीत, असे राहतो. परवा शनिवारी दुपारी यशोधराने घरातले औषध जास्त घेतले. लताबाईने तिला रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेले. आता प्रकृती ठीक आहे.

त्याच दिवशी दवाखान्यात माझा पहिला जबाब झाला. हवालदार निवृत्ती बोडके भला माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावले की, जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा आहे, मुलीवर केस होईल, अशा वेळी सगळेच ‘चुकून’ लिहितात. त्यांनी ‘खोकल्याचे समजून चुकून घेतले’ असे लिहिले व मी सही केली. आमच्या घरात त्या दिवशी कोणालाही खोकला नव्हता.

दवाखान्याच्या कागदावरही तेच उतरले. त्यामुळे काल डॉक्टर म्हणाले, सोमवारी घरी न्या. लताबाईला बरे वाटले. मलाही बरे वाटले, खोटे कशाला सांगू. मी बिस्किटे आणायला निघालो तेव्हा यशोधरा म्हणाली, “बाबा, तुम्ही ‘चुकून’ लिहिलंय. मग मला काय होतंय ते मी कोणाला सांगू?”

मी परत बसलो. तिला सरळ विचारले, तो विचार अजून येतो का. म्हणाली, येतो, फेब्रुवारीपासून येतो. मी म्हटले, “आला की मला सांग. कारखान्यात असलो तरी निरोप धाड, मी येईन.” मला फार भीती वाटली. पण मी तिच्यावर रागावलो नाही, याची नोंद घ्यावी.

फेब्रुवारीपासून ती धड जेवत नव्हती. आम्ही त्याला आधी दहावीचे टेन्शन म्हटले, मग अकरावीचा अभ्यास.

डॉक्टरांना मी खरे सांगितले. ते म्हणाले, हा आजार आहे, उपचाराने बरे वाटते. मनाच्या आजाराचे डॉक्टर मंगळवारी सकाळी आठला येतात, तोवर मुलीला ठेवून घेतो. पोलिसांचे तुम्ही पाहा.

म्हणून आलो. लताबाईचे म्हणणे, पोरीच्या नावाला कायमचे लागेल. ते मला कळते. पण आमच्या खात्यात तडा दिसलेल्या पार्टला लाल चिठ्ठी बांधतात. चिठ्ठी बांधली म्हणजे पार्ट भंगारात गेला असे नव्हे, तो नीट पाहायचा आहे एवढेच. चिठ्ठी काढून माल पुढे ढकलणे मी अठरा वर्षांत कधी केले नाही. परवा घरच्याच बाबतीत केले.

माझ्या मुलीने जीव द्यायचा प्रयत्न केला. ती आजारी आहे. केस करायचीच तर पहिला जबाब खोटा दिला म्हणून माझ्यावर करावी. फक्त उद्या सकाळी आठला मला तिच्याजवळ असायचे आहे, तेवढे सोडावे.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला व मी ऐकला. सांगितला तसाच आहे. वर ‘औषध जास्त’ याच्यापुढे त्यांच्या हातून सवयीने पुन्हा ‘चुकून’ पडले होते, ते मी खोडून बाजूला सही केली आहे.