करड्या चित्राचे रंग

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न, मग गोष्ट. एखादी गोष्ट चांगली की वाईट, हे ठरवायला माणसाला किती वेळ लागावा?

बाजारात वांगी घेताना बघतो ना मी तुम्हाला! वांगं उचलायचं, फिरवायचं, दाबायचं, देठ बघायचा, परत ठेवायचं, दुसरं उचलायचं. पाव किलो वांग्याला अर्धा तास! आणि शेजारी नवा माणूस राहायला आला, की टेम्पोतून त्याचं कपाट उतरायच्या आत आपला निकाल तयार — "काही खरं नाही हो त्याचं!" हसताय? हसा! पेटीवाले, तुम्ही पण हसताय, म्हणजे तुमचंही तेच!

तर ही गोष्ट कोल्हापुरातली. चित्रांच्या प्रदर्शनाची. कसल्या चित्रांची? अमूर्त! म्हणजे काय? ज्यात झाड नाही, डोंगर नाही, गाय नाही, बाई नाही — नुसता रंग! तुम्ही म्हणाल, "महाराज, असलं तर आमचा नातू रोज भिंतीवर काढतो." काढतो ना! पण अहो, सगुण-निर्गुणाचा वाद तुमच्याच घरातला. देवाला रूप नाही म्हटलं की माना डोलावता, आणि चित्राला रूप नाही म्हटलं की नाक मुरडता? हा कुठला न्याय?

बरं, प्रदर्शनात कुणाचंही चित्र लागत नाही. परीक्षक असतात. चित्रामागचं नाव कागद चिकटवून झाकतात — वशिला नको! तीन परीक्षक खुर्च्यांवर बसतात. शिपाई एकेक चित्र दोन्ही हातांनी वर धरतो. परीक्षक म्हणतात, "हो" किंवा "नाही". झालं! त्या वर्षी चित्रं आली होती चारशे बारा, आणि भिंतीवर जागा ऐंशी!

मुख्य परीक्षक त्र्यंबकराव अष्टेकर. मोठा माणूस! त्यांचा पिवळा रंग दारातून दिसायचा, म्हणे! त्यांचं एक वाक्य विद्यार्थी वहीत लिहून घ्यायचे — "रंग दिसला पाहिजे. शोधावा लागला तर तो रंगच नव्हे!" तीस वर्षं परीक्षक. एका श्वासात एक चित्र! आणि परीक्षकांचा मान म्हणून त्यांचं स्वतःचं एक चित्र दालनाच्या मधल्या भिंतीवर लागायचं. त्या वर्षीचं होतं सहा फुटी, पिवळंजर्द. ते आधीच टांगून तयार!

आणि तिकडे आजऱ्याला होत्या कुमुद तारळेकर. मुलींच्या शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या, निवृत्त झालेल्या, बहिणीजवळ राहायच्या. आठ वर्षं चित्र पाठवलं, आठही वर्षं परत आलं! नवव्या वर्षी बहिणीला म्हणाल्या, "अक्का, हे शेवटचं. आता परत आलं तर सगळे रंग शाळेला देऊन टाकते. मला काही दिसतंय असं मला वाटतं, पण ते दुसऱ्या कुणालाच दिसत नसेल, तर ते नसेलच." ऐकलंत? बक्षीस नको होतं हो त्या बाईंना! आपल्याला दिसलेलं खरं आहे का, एवढंच विचारायचं होतं.

सकाळी अकराला त्यांचं चित्र वर धरलं गेलं. करडं! वरपासून खालपर्यंत करडं. अष्टेकर म्हणाले, "नाही." दुसरे म्हणाले, "नाही." तिसरे चष्मा पुसत होते, ते न बघताच म्हणाले, "नाही." चित्र गेलं कोपऱ्यात, नाकारलेल्यांच्या रांगेत. दुपारी कारकुनानं पत्रं टपालात टाकली — 'आपले चित्र अस्वीकृत. घेऊन जावे.'

आता बघा गंमत! चार वाजता चहा आला. चित्रं वर धरणारा शिपाई, कोंडिबा खाडे, आपला कप घेऊन त्या कोपऱ्यात टेकला. माळकरी माणूस. मला ही गोष्ट त्यांनीच सांगितली, म्हणून छातीठोक सांगतोय! सगळ्यांचा चहा संपला. कोंडिबांच्या कपावर साय आली, तरी हे समोर बघतच!

अष्टेकर ओरडले, "कोंडिबा, काय झालं?"

"सायेब, ह्ये चित्र सकाळी आसलं न्हवतं बघा."

"म्हणजे?"

"सकाळी म्या धरलं तवा नुसती राख हुती. आता त्यात कायबाय उगवाय लागलंय."

दुसरे परीक्षक हसले. "उजेड बदलला असेल!" अहो, खिडकी उत्तरेची! तिथला उजेड तासातासाला थोडाच बदलतो? अष्टेकरही हसले, उठले, कोंडिबांची चेष्टा करायला म्हणून शेजारी स्टुलावर बसले. आणि बसले ते बसलेच!

मंडळी, आता जरा शांत व्हा. मृदंग थांबवा, बुवा.

आधी काहीच नाही. करडं. मग — डावीकडे खाली किंचित हिरवं. अगदी किंचित! अष्टेकरांना वाटलं भास. डोळे चोळले. तर हिरव्याच्या खाली तांबूस! त्या तांबूसाच्या पोटात जांभळं! आणि ते जांभळं कुठं संपतंय आणि निळं कुठं सुरू होतंय, ते शोधायला जावं तर तिथंच केशरी! काळा नाही, पांढरा नाही — त्या बाईंनी पातळ-पातळ थर दिले होते, एकावर एक. लाल वाळला की त्यावर हिरवा, तो वाळला की परत लाल. एकमेकांना मारणारे रंग, आणि त्यांनी मिळून केलेला तो करडा! जितकं बघावं तितकं ते देतंय! अहो, सांगताना माझ्या अंगावर काटा आला, बघा हा हात! सगळे रंग समोर होते, सकाळी अकरालाही होतेच. नव्हते ते डोळे!

अष्टेकरांच्या मनात आलं, तीस वर्षांत किती चित्रांना आपण एका श्वासात 'नाही' म्हणालो? एवढा मोठा माणूस, घाबरला!

उठले. म्हणाले, "हे चित्र लागलं पाहिजे."

"अष्टेकर, ऐंशी झाली. भिंत भरली. आता कुणाला काढायचं?"

"माझं उतरवा."

तिसरे परीक्षक म्हणाले, "अहो, मधली भिंत! वर्तमानपत्रवाले विचारतील, अष्टेकरांचा पिवळा कुठाय? आणि तुमचं ते वाक्य?"

"विचारलं तर सांगा, अष्टेकर चुकला. वाक्य लिहून घेतलेल्यांना सांगा, खोडा."

सोपं आहे का हो हे? आपल्याला भाजीत मीठ जास्त झालं हे कबूल करवत नाही! पत्नीला म्हणतो, "मीठच खारट आणलंस तू!" आणि या माणसानं आयुष्यभराचं वाक्य खोडलं! सहा फुटी पिवळं चित्र उतरलं, आणि तिथं दोन फुटांचं करडं चढलं.

लगोलग बाईंना दुसरं पत्र गेलं. पण तुम्हाला माहीत आहे, वाईट बातमी एसटीनं येते, चांगली चालत येते! पहिलं पत्र पोचलं, आणि कुमुदबाई चित्र परत न्यायला निघाल्यासुद्धा. हातात जुनी चादर आणि सुतळी, चित्र गुंडाळायला.

नाकारलेली चित्रं आता शेजारच्या खोलीत हलवली होती, तिथं गेल्या. शोधलं. नाही! पुन्हा शोधलं. नाही! बाईंचा बांध फुटला. कोंडिबांना म्हणाल्या, "अहो, नाकारलंत ते नाकारलंत, पण हरवलंत सुद्धा? नापास मुलाला घरी तरी नेऊ द्या!"

कोंडिबा म्हणाले, "बाई, माज्या मागनं या."

दालन उघडलं. मधल्या भिंतीवर — त्यांचं चित्र! आणि समोर खुर्ची टाकून एक म्हातारा गृहस्थ पाठमोरा बसलेला. बाईंच्या हातातली चादर गळून पडली. पावलांचा आवाज ऐकून त्या गृहस्थांनी मान न वळवताच हात वर केला.

"जरा थांबा. आत्ताच एक येऊ लागलाय."

बाईंनी आवाज ओळखला, रेडिओवर ऐकलेला. कशाबशा म्हणाल्या, "अष्टेकर सर... ते चित्र माझं आहे."

अष्टेकर ताडकन उठले. वयानं, मानानं मोठा माणूस — खाली वाकून नमस्कार केला हो बाईंना! म्हणाले, "बाई, चार दिवस बसतोय. एकोणीस रंग सापडले. एकूण किती आहेत?"

बाईंचे डोळे वाहत होते. "एकवीस," म्हणाल्या. "तुम्हाला दिसत नाहीत ते दोन कुठले, ते मी..."

"नको!" अष्टेकर म्हणाले. "सांगू नका. मी उद्या परत येतो!"

मंडळी! आता या मंडपातून तुम्ही घरी जाल. तुमच्या घरात एक माणूस असेल. पंधरा वर्षांपूर्वी एका श्वासात तुम्ही त्याला 'नाही' म्हणालात — कुणाची सून असेल, कुणाचा भाऊ, कुणाचा बाप! 'हा असाच', म्हणालात, आणि कोपऱ्यात ठेवलंत. कोण, ते मला सांगू नका. तोंडं बघून कळतंय मला! आज उपदेश करू नका, माफी मागू नका, काही नको. नुसते समोर बसा. चहा गार होऊ द्या. काही दिसलं नाही, तर उठू नका. उद्या परत या.

चला, आता नाम घेऊ. पण विठोबाकडे बघून नको, तो रोजचाच ओळखीचा! शेजारच्याकडे वळा, त्याच्या तोंडाकडे नीट बघा — आणि मग म्हणा, विठ्ठल!