जास्तीची कळी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या सर्वांच्या मावशी, समोर बसलेले माझे जादूगार बंधू-भगिनी, त्यांच्या करामती घरी मुकाट्याने सोसणारी कुटुंबं, आणि आत्ताच माझी ओळख करून देणारी आजची सूत्रसंचालिका, म्हणजे माझी लेक! बाळ, बापाचं चारचौघांत एवढं कौतुक करू नये गं. लोकांना वाटेल, मीच लिहून दिलं होतं.

मावशींचं काम बाहेरच्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही यातच त्याचं यश. पत्त्यांच्या पाठीवर निळी वेलबुट्टी असते ना? मावशी खिडकीशी बसून बारीक कुंचल्याने त्या वेलीची एखादी पाकळी किंचित जाड करतात. बस्स! तुम्ही पान छातीशी घट्ट धरता आणि आम्ही लांबून सांगतो, बदामाची राणी. टाळ्या आम्हाला, पाठदुखी मावशींना. उमेदवारीत मी एकदा म्हणालो होतो, "मावशी, खूण जरा ठळक करा की." त्या म्हणाल्या, "पानाचं नावच लिहून देते. तू फक्त डोळे मिटून बसणारे प्रेक्षक शोधून आण."

मग अशा बाईने हात का थांबवावा? गेल्या आठवड्यात आमंत्रण द्यायला गेलो, तेव्हा हेच विचारलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. सांगू का मावशी? नको म्हणतायत. पण आता तोंड उघडलंच आहे, तर सांगतो.

त्या म्हणाल्या, "रंग वाळायला ठेवला की कधीतरी एखाद्या पानावर जास्तीची कळी उमटते. मी काढलेली नसते ती. माझ्या गुरूंनी बजावलं होतं, असं पान दिसलं की जाळायचं. पत्त्यांच्या कॅटमधून ते जो ओढतो, तो कुणालाच आठवेनासा होतो. मरत नाही रे. कधी नव्हताच, असं होतं."

मी म्हणालो, "मग तुम्हाला तरी कसं कळणार?"

"मला आठवतं. पान माझ्या हातचं ना."

जन्मभर प्रत्येक कॅट त्यांनी भिंगाखाली तपासला. पुढे नजर अधू झाली आणि एक पान सुटलं. "कुणाच्या कॅटमध्ये?" असं विचारलं, तर त्यांनी माझाच हात हातात घेतला.

आता आम्ही पडलो जगाला फसवणारे, आम्ही कुठले फसायला? हसत हसत घरी आलो. सहज सामानाची पेटी उघडली, तर तळाशी एक चंदेरी झगा. बाईच्या मापाचा, कोपरावर रफू केलेला. मी तर आयुष्यभर एकट्यानेच खेळ केले! लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "आईचा असेल." मी म्हणालो, "कुणाच्या आईचा?" मुलगी आहे म्हणजे तिला आई असणारच की हो! पण चेहरा दोघांच्याही डोळ्यांपुढे येईना. अजून येत नाही. जादूगाराने भर सभेत कबूल करू नये, पण मी घाबरलो. मला या जगात ही एकच पोर आहे.

असो. सभा फार गंभीर झाली. लेकीने एक गंमत योजली आहे. मावशींच्या मेजावर वाळत असलेला शेवटचा कॅट तिने त्यांच्या नकळत आणलाय. प्रत्येकाने एकेक पान ओढायचं आणि आठवण म्हणून जपायचं. ती बघा, मधल्या वाटेने आलीच. आणि पहिलं पान स्वतःच ओढणार म्हणते, लबाड!

मावशी, उठू नका, पडाल. काय? तपासलेला नाही? कुठला तपासलेला नाही?

बाळ, थांब! ओढू नकोस! अगं, ठेव ते खाली, बाळ...

क्षमा करा. मी कुठे होतो? वय झालं, बोलता बोलता धागा सुटतो. ओठांवर 'बाळ' असा शब्द आला होता खरा, कुणासाठी ते देव जाणे. मधल्या वाटेत हे पत्ते कुणी सांडलेत? जरा गोळा करा कुणीतरी, पायदळी येतील.

मावशी, रडताय तुम्ही? निरोपाची वेळ आहे, गलबलून येणारच. पण माझ्याकडे असं बघू नका हो. आणि त्या रिकाम्या वाटेत कुणाला हाका मारताय? बसा पाहू.

तर आवरतं घेतो. अध्यक्षांचे आभार, आपणा सर्वांचे आभार. सूत्रसंचालनाला आज कुणी नेमलेलं दिसत नाही, त्यामुळे माझी ओळखही कुणी करून दिली नाही. मी आपला आपणच उठून बोलायला लागलो, हा आगाऊपणा पोटात घाला. मला ना बायको, ना मूलबाळ. तुम्हीच माझं घर, म्हणून हक्काने मागतो. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, तर त्या माणसाने मला मोठ्या मनाने माफ करावं.