आनंदी

पटकीची साथ ओसरली त्या वर्षी विमल राजघाटावर होडीची वाट पाहत बसली होती. शेजारी दोन जावा बोलत होत्या. धाकटीच्या मांडीवर तान्ही मुलगी होती. विमलनं मान वळवली नाही, पण कान तिकडेच होते.

"धुरपदे, पोरीचं नाव कडू ठेव. असल्या नावाला मरण हात लावत नाही."

"जाऊबाई, दोघा पोरांची नावं कडू नि दगडूच होती. दोघंही साथीत गेले."

"म्हणून तर भीती वाटते. देवाच्या डोळ्यांत भरेल असं काही ठेवू नको."

"त्यानंच दिली, त्याच्यापासून कशी लपवू?"

"त्यानंच पोरं नेली ना?"

"नेली. का नेली, ते मला अजून कळलं नाही. महिनाभर मी त्याच्यापुढं दिवा लावला नाही."

"मग?"

"मग रडायला दुसऱ्या कोणाकडं जाऊ? त्याच्याकडंच गेले. तो माझ्या लेकरांचा वैरी नाही, एवढं मी धरून बसले."

"आणि हिला काही झालं तर?"

"तर रडेन. पण आहे तोवर आनंदी म्हणूनच हाक मारेन."

होडी काठाला लागली. थोरली आधी चढली, आत बसली आणि तिनं हात पुढं केले.

"आण इकडं. ये गं आनंदे, काकूकडं ये."